कालवांतल्या नर-माद्यांचा हिशेब

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

शंभर कालवं आणायची, फोडायची, नर किती आणि माद्या किती ते मोजायचं. काम सरळ वाटतं. विद्यार्थ्यांना हे काम दिलं की ते आकडे घेऊन येतात आणि मग भांडण सुरू होतं. एका गटाला नरच नर सापडलेले असतात. दुसऱ्याने पलीकडच्या खडकावरून आणलेल्या कालवांत निम्मेनिम्मे निघतात. तिसऱ्याने खाडीतली मोठी, तळहाताएवढी कालवं आणलेली असतात, त्याच्याकडे माद्यांचं राज्य. मग प्रश्न येतो, "सर, यातलं खरं प्रमाण कुठलं?" तिन्ही खरी, असं म्हटलं की पोरं वैतागतात. आज मी तेच उत्तर जरा ऐसपैस देणार आहे. कारण कालवांच्या बाबतीत नर-माद्यांचं प्रमाण हा त्या जातीला कायमचा चिकटलेला आकडा नसतो. त्या खडकावर कोण किती वयाचं आहे, त्यांना खायला किती मिळालं आणि तिथून कोणाला उचलून नेलं, याची ती नोंद असते.

मोत्यांचा विषय निघणारच, म्हणून आधीच सांगून टाकतो. आपण खातो ते कालव आणि मोती देणारा शिंपला ही दोन वेगळी कुळं आहेत. आज मोती नाहीत. ज्यांना तेवढ्यासाठी यायचं होतं त्यांची निराशा झाली असेल तर माफ करा, चहा नंतर आहेच.

आता ओळखायचं कसं? बाहेरून काही म्हणता काही कळत नाही. शिंप बघून नर-मादी सांगतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्याशी खुशाल पैज लावा. दोन शिंपा जिथे जोडलेल्या असतात त्या सांध्यात बोथट सुरी घालून पिळायची, आतला स्नायू कापायचा, की वरची शिंप सुटते. पोटाच्या करड्या-हिरवट भागावर पांढरट, पिवळसर थर दिसतो. ही जननग्रंथी. हंगाम भरात असला की हा थर चांगला जाड असतो आणि त्यावर फाटे फुटलेल्या बारीक नळ्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात. नर असो की मादी, रंग जवळपास तोच. त्यातला टाचणीच्या डोक्याएवढा भाग काचपट्टीवर, समुद्राच्या पाण्याच्या थेंबात सोडायचा. मादी असेल तर रवाळ कण सुटे होऊन पसरतात. नर असेल तर दुधट धूर निघाल्यासारखं होतं. शंका राहिली तर सूक्ष्मदर्शक आहेच. अंडं साधारण ५० मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ग्रंथीतून काढलेलं असेल तर आधी वेडंवाकडं, नासपतीसारखं दिसतं आणि पाण्यात थोडा वेळ राहिलं की गोल होतं. शुक्राणूचं डोकं दोन-तीन मायक्रॉनचं; वळवळ दिसते, आकार धड दिसत नाही.

सगळी अडचण त्या सुरीत आहे. कालव उघडलं की मेलं. आज ते नर होतं एवढं कळलं. गेल्या वर्षी काय होतं आणि पुढच्या वर्षी काय झालं असतं, हे विचारायला ते शिल्लक राहत नाही. त्यामुळे कालव लिंग बदलतं ही गोष्ट सिद्ध व्हायला फार वेळ लागला. ॲरिस्टॉटलला तर ती चिखलातून आपोआप उपजतात असं वाटत होतं. फ्रान्समध्ये कासिमिर दावेन यांनी १८५३ साली लिहून ठेवलं होतं की एकच कालव आधी नर आणि मग मादी होत असावं. पण "असावं" आणि "आहे" यांत पाऊणशे वर्षं गेली.

मध्येच एक गोंधळ अमेरिकेत झाला, तो सांगण्यासारखा आहे. युरोपातलं चपटं कालव अंडी पाण्यात सोडत नाही. ती स्वतःच्या शिंपेतच, कल्ल्यांपाशी ठेवतं. शेजारच्या नरांनी सोडलेले शुक्राणू श्वासाच्या आणि अन्नाच्या पाण्याबरोबर आत येतात, अंडी तिथेच फळतात आणि पिल्लं आठवडा-दीड आठवडा आईपाशी राहून मग बाहेर पडतात. युरोपातली पुस्तकं असं सांगत होती, म्हणून अमेरिकेतही सगळे तेच धरून चालले होते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले विल्यम ब्रुक्स चेसापीक उपसागराच्या काठी बसून कालवं उघडत राहिले आणि एकातही पिल्लू सापडेना. शेवटी १८७९ मध्ये त्यांनी एकीची अंडी आणि दुसऱ्याचे शुक्राणू काचेच्या वाटीत, पाण्यात एकत्र केले. गर्भ तिथेच वाढायला लागला. म्हणजे हे कालव सगळं बाहेर सोडून मोकळं होतं. पुस्तकं चूक नव्हती, पण ती वेगळ्या कालवाची होती. आपल्याकडची कालवं, खडकावरची काय किंवा खाडीतली काय, याच दुसऱ्या पठडीतली, बाहेर सोडणारी.

पण लिंगबदलाचा पक्का पुरावा मिळाला तो त्या पिल्लं सांभाळणाऱ्या युरोपीय कालवात. इंग्लंडमधले कालवं काढणारे लोक पिल्लं पोटाशी असलेल्या कालवाला चक्क आजारी म्हणत. पिल्लं पांढरी असली तर "पांढरा आजारी", त्यांना शिंपा येऊन ती गडद झाली की "काळा आजारी". असं कालव खाताना दाताखाली कचकच येते, म्हणून ते बाजूला टाकायचे. प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेतले जे. एच. ऑर्टन यांनी १९२०च्या दशकात नेमकी हीच टाकाऊ कालवं उचलली. युक्ती बघा. पोटाशी पिल्लं आहेत म्हणजे हे कालव नुकतंच मादी होतं, हे ते मारून बघायची गरज नाही! अशी कालवं वेगळी करून पाण्यात ठेवायची आणि काही दिवसांनी, काही आठवड्यांनी थोडी थोडी उघडून बघायची. त्यांच्या ग्रंथीत शुक्राणू भरलेले होते. इतकंच नाही, तर पिल्लं अजून कल्ल्यांपाशी असतानाच आईच्या ग्रंथीत शुक्राणू बनायला सुरुवात झालेली असते. बाळंतपण संपायच्या आधी आईचा बाप होतो. ही आमच्या वर्गातली हमखास हशा पिकवणारी ओळ आहे, आणि अक्षरशः खरी आहे.

मादीचा नर असा भराभर होतो. नराची मादी व्हायला मात्र वेळ लागतो, कारण अंड्यांसाठी साठा करावा लागतो. पाणी उबदार आणि अन्न भरपूर असेल तर तो लवकर होतो. थंड पाण्यात रखडतो. डेन्मार्कच्या लिमफ्योर्ड नावाच्या खाडीत स्पार्क या संशोधकांनी त्याच सुमारास दाखवलं की तिथे मादी होण्याची पाळी दर वर्षी येतच नाही. आता विचार करा, एकाच जातीचं कालव. फ्रान्सच्या दक्षिणेत मोजलं तर माद्या जास्त, डेन्मार्कमध्ये मोजलं तर नर जास्त. यात कोणाचीच मोजणी चुकलेली नाही.

बाहेर सोडणाऱ्या कालवांची तऱ्हा थोडी निराळी आहे. त्यांच्यात एकाच हंगामात उलटसुलट सहसा होत नाही. हंगाम संपला की ग्रंथी आकसते, उरलंसुरलं शरीरात जिरतं आणि काही काळ ते कालव नर नसतं की मादी नसतं. त्या विश्रांतीनंतर पुन्हा ग्रंथी भरायला लागते तेव्हा या वर्षी काय व्हायचं ते ठरतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं कालव पहिल्या हंगामात बहुतेक नर असतं, आणि वय वाढेल तसं माद्यांचं प्रमाण वाढत जातं. एकाच वेळी दोन्ही असणारी कालवं सापडतात, पण शंभरात एकही धड भरत नाही. तिथल्याच वुड्स होलच्या मत्स्य प्रयोगशाळेतल्या पॉल गॉल्टसॉफ यांनी न मारता हे तपासायचा मार्ग काढला. प्रत्येक कालवाला खूण करून वेगळं ठेवायचं आणि दर उन्हाळ्यात पाणी तापवून, थोडे शुक्राणू टाकून त्याला बीज सोडायला लावायचं. नर असेल तर पांढरी धार संथपणे वाहत राहते. मादी असेल तर ती शिंपा टाळी वाजवल्यासारख्या उघडझाप करते आणि प्रत्येक झापेबरोबर अंड्यांचा ढग बाहेर पडतो. पुढच्या वर्षी तेच कालव काय करतं ते बघायचं. बऱ्याच नरांच्या माद्या झाल्या. पण काही माद्या परत नर झाल्या, हेही त्यांनी नोंदवलंय. पाठ्यपुस्तकात "आधी नर, मग मादी" असं एका दमात लिहिलेलं असतं, तेवढं ते सरळ नाही.

आता का, हा प्रश्न. निसर्गाने एवढी यातायात कशाला केली? अंडं म्हणजे शिदोरी बांधून पाठवलेलं मूल. त्यात चरबी, प्रथिनं, पहिल्या दिवसांचं अन्न भरावं लागतं. लहान कालवाच्या अंगात मुळात जागाच किती, त्यात शिदोऱ्या मावणार किती? शुक्राणूला काही बांधून द्यावं लागत नाही, लहान अंगातही ते अगणित होतात. तेव्हा लहान असताना नर राहावं आणि अंग भरलं की मादी व्हावं, हे फायद्याचं. मोठं कालव एका हंगामात कोटींच्या घरात अंडी सोडतं. मायकल घिसेलिन या जीवशास्त्रज्ञांनी १९६९ साली हा विचार नीट मांडला आणि तो कालवांपुरता नाही. अंगाने मोठं होण्याचा फायदा नराला जास्त की मादीला, त्यावर बदलाची दिशा ठरते. हेकरू माशांच्या बऱ्याच जातींत उलट आहे, आधी मादी आणि मोठा झाला की नर, कारण तिथे मोठ्या नराला इतर नरांना हुसकावून माद्या आपल्याकडे ठेवता येतात. कालव कोणाला हुसकावणार? ते जन्मभर एका जागी चिकटलेलं. त्याचे शुक्राणू पाण्यात गेले की शेजाऱ्यांच्या शुक्राणूंत मिसळले. मोठ्या नराला मोठेपणाचा विशेष उपयोग नाही.

इथे अलिबाग-पेणकडचे लोक बसले असतील त्यांच्यासाठी एक गोष्ट. तुमचा जिताडा याच वाटेने जातो. तरुण जिताडा नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. जावयासाठी आणलेला तो भलामोठा जिताडा बहुधा मादीच असतो.

मग प्रमाणाचं काय? रोनाल्ड फिशर यांनी १९३० साली मांडलेला हिशेब साधा आहे. प्रत्येक पिल्लाला एक आई आणि एक बाप. म्हणून सगळ्या नरांची मिळून जेवढी पिल्लं, तेवढीच सगळ्या माद्यांची मिळून. जे लिंग कमी पडेल त्याच्या वाट्याला माणशी जास्त पिल्लं येतात आणि तराजू पुन्हा मध्यावर येतो. माणसांत, कुत्र्यांत, कोंबड्यांत साधारण निम्मेनिम्मे का, याचं उत्तर हे. पण यात एक गृहीत आहे, की जन्मलेला नर मरेपर्यंत नर राहतो. कालवांत तसं नाही. तिथे जे लिंग आधी येतं त्याच्याकडे संख्या जास्त असणारच, कारण लहान वयाची कालवं नेहमीच जास्त असतात. दर वर्षी थोडी थोडी मरत जातात. पुष्कळ लहान नर मिळून बापाचा वाटा उचलतात, थोड्या मोठ्या माद्या आईचा. डोकी मोजली तर विषम, पिल्लं मोजली तर समसमान. तेव्हा कालवांत नर जास्त निघाले म्हणून कपाळाला आठ्या घालायचं कारण नाही. हे प्रमाण बदलत असेल तर मात्र बघायला हवं.

आणि ते वयाशिवायही बदलतं. मुंबईचं उदाहरण देतो. खडकावरच्या आपल्या कालवावर पी. आर. आवटी आणि एच. एस. राय यांनी १९३१ साली एक छोटेखानी ग्रंथ लिहिला, भारतीय प्राण्यांवरच्या मालिकेतला. "मुंबईचं कालव" म्हणूनच ते त्यात येतं. या कालवांत कधीकधी एक पाहुणा सापडतो. वाटाण्याएवढा, मऊ पाठीचा, फिकट, गोलमटोल खेकडा. तो कल्ल्यांवर बसतो आणि कालवाने पाण्यातून गाळून घेतलेलं अन्न परस्पर खातो, वर कल्लेही कुरतडतो. बाहेर निघायची त्याला गरजच नाही. आवटी आणि राय यांना दिसलं की ज्या कालवांत हा खेकडा आहे त्यांच्यात नरांचं प्रमाण फारच जास्त आहे.

आता सावध वाचकाने लगेच विचारावं की खेकड्यामुळे कालव नर राहिलं, की खेकडाच नर कालवं निवडतो? नुसत्या मोजणीतून याचं उत्तर निघत नाही. पण त्याच दशकात जपानमध्ये आमेमिया यांनी कालवांच्या कल्ल्यांचा भाग कापून बघितला. खेकडा नाही, फक्त कल्ले कमी, म्हणजे अन्न कमी. त्यांतही नर वाढले. उपाशी कालव मादी होण्याच्या भानगडीत पडत नाही. मला स्वतःला या सगळ्या विषयातला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण मुंबईच्या खडकावरची एक साधी नोंद आणि हजारो मैलांवरचा एक प्रयोग एकमेकांना आधार देतात, आणि यात एकही महागडं यंत्र नाही.

मग सगळं परिस्थितीवरच का? आनुवंशिकता काहीच नाही? आहे. आपल्यात एक्स-वाय असतात तशी वेगळी ओळखू येणारी गुणसूत्रं कालवात नाहीत. दहा जोड्या, सगळ्या सारख्या दिसणाऱ्या. पण अमेरिकेत शिमिंग ग्वो आणि सहकाऱ्यांनी पॅसिफिक कालवांची घराणी वाढवून १९९८ साली दाखवलं की काही कालवं जन्मभर नर राहायलाच बांधलेली दिसतात आणि बाकीची आधी नर होऊन मग बदलू शकतात. त्यांनी एका मुख्य जनुकाची कल्पना मांडली. पुढे इतरांना ती अपुरी वाटली, जास्त गुंतागुंतीची मांडणी आली. माझं मत विचाराल तर जनुकं कल ठरवतात आणि त्या वर्षीचं पोट निर्णय घेतं. पण हे मत आहे, ते मत म्हणूनच घ्या.

आता व्यवहाराकडे येऊ. चेसापीक उपसागराकाठच्या मेरीलँड आणि व्हर्जिनिया या अमेरिकी राज्यांत बाजारात न्यायचं, आपोआप वाढलेलं कालव किमान तीन इंचांचं असावं असा नियम आहे. लहानांना वाढू द्यावं, ही भावना योग्य. पण आपण आत्ता जे बोललो त्यावरून बघा, तीन इंचांवरची म्हणजे कोण? बहुतांश माद्या. नियमाने आपण लहान नरांना अभय दिलं आणि कापणी माद्यांची केली. त्यात भर रोगांची. एमएसएक्स नावाचा परजीवी डेलावेअर उपसागरात १९५७ साली आणि चेसापीकमध्ये १९५९ साली दिसला. डर्मो नावाचा दुसरा होताच. हे माणसाला काही करत नाहीत, पण कालवाला तीन-चार वर्षांचं होऊच देत नाहीत. म्हातारी कालवं संपली की उरतात ती तरुण, म्हणजे नर. आणि ज्या माद्या उरतात त्याही लहान, म्हणजे अंडी कमी. हा मार दुहेरी आहे.

यावर "मग माद्याच वाचवा" असं सोपं उत्तर देणारे असतात. ते पुरेसं नाही. अंडी आणि शुक्राणू पाण्यात भेटायला हवेत, आणि कालव तर चालत जाऊन जोडीदार शोधू शकत नाही. कालवं विरळ झाली तर माद्या कितीही असोत, अंडी वांझ जातात. तेव्हा दाट वस्ती राहू देणं आणि त्या वस्तीत काही मोठी कालवं तशीच सोडणं, दोन्ही लागतं. जिताड्याच्या बाबतीत ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडने हे नियमात बसवलंय. तिथे ५८ सेंटीमीटरच्या खालचाही धरायचा नाही आणि १२० सेंटीमीटरच्या वरचाही नाही. खालची मर्यादा सगळेच घालतात, वरची घालायला धाडस लागतं, कारण मोठा मासा परत पाण्यात सोडताना कोणाचाही जीव तुटतो.

आपल्या किनाऱ्यावर बायका उधाणाच्या दिवसांत सुकतीला खडकावर जातात आणि कालवं फोडून मांस काढतात. साहजिकच आधी मोठी जातात. लहानग्यात हात दुखतील इतकं काम आणि चमचाभर मांस. त्यांना दोष द्यायचं कारण नाही. रस्ता, भराव, सांडपाणी यांनी जेवढे खडक गिळले त्यापुढे त्यांची टोपली काहीच नाही. सिंधुदुर्गात महिला बचतगट खाडीत दोऱ्यांवर कालवं वाढवतात, तेही चांगलं आहे. फक्त अभ्यास करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. दोरीवरची कालवं एकाच वेळी बसवलेली, एकाच वयाची. त्यांच्यातलं नर-माद्यांचं प्रमाण त्या वयाचं प्रमाण आहे. त्यावरून शेजारच्या खडकाबद्दल बोलू नये.

तर ज्यांना हे काम करायचंय त्यांनी कालव फोडण्याआधी त्याची लांबी मोजा आणि वहीत लिहा. खडकाचा उंच भाग की खालचा, ते लिहा, कारण उंचावरच्या कालवाला पाण्याखाली वेळ कमी मिळतो, म्हणजे खायला कमी. आत खेकडा होता का, ते लिहा. एकाच महिन्यात मोजून थांबू नका. ग्रंथी रिकामी असेल तेव्हा "कळत नाही" असा वेगळा रकाना ठेवा, त्यांना मारूनमुटकून नरांत ढकलू नका. आणि गटांनी एकमेकांशी भांडायच्या आधी आपापल्या कालवांच्या लांब्या शेजारी शेजारी मांडून बघाव्यात.